ध्यान, माळ आणि संत : कॅथलिक प्रार्थनेविषयी माझी तीन चुकीची समीकरणे

(दिघा, नवी मुंबई येथे दिलेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती कमी केली आहे. भाषा शक्यतो बोललेलीच ठेवली आहे.)



एक गोष्ट आधीच सांगतो. मी कॅथलिक नाही. माझं घराणं वारकरी, आणि मी स्वतः आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला, देवाच्या बाबतीत कुंपणावर बसलेला माणूस. मग या विषयावर बोलायचा तुम्हाला काय अधिकार, असं कुणी विचारलं तर उत्तर एवढंच की, या विषयावर मी तीस-एक वर्षं वर्गात चुकीचं शिकवलं. चूक करणाऱ्याला ती दुरुस्त करायचा अधिकार असतो, तेवढाच माझा अधिकार. (हशा)

मी काय शिकवत होतो? धर्माचं तत्त्वज्ञान नावाचा पेपर असायचा. त्यात गूढानुभवावर एक प्रकरण. विल्यम जेम्स यांची 1902 सालची व्याख्यानं समोर ठेवायची, आणि विद्यार्थ्यांना फळ्यावर तीन समीकरणं लिहून द्यायची. पहिलं : कॅथलिक सेंट म्हणजे आपले संत. दुसरं : रोझरी म्हणजे आपली जपमाळ. तिसरं : त्यांचं मेडिटेशन म्हणजे आपलं ध्यान. सगळं एकच, नावं वेगळी. मुलांना आवडायचं. परीक्षेत लिहायला सोपं, आणि ऐकायलाही किती उदार वाटतं! आज मला या तीनही समीकरणांची तपासणी करायची आहे.

ही तपासणी पुस्तकांमुळे सुरू झाली नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला फुप्फुसाचा आजार झाला. शेवटचे चार-पाच महिने ती घरीच होती, पलंगाच्या बाजूला ऑक्सिजनचं यंत्र. रात्री तिला भीती वाटायची. मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. ध्यानावरची पुस्तकं घरात दोन कपाटं भरून. मी तिला म्हणालो, डोळे मीट, श्वासाकडे लक्ष दे, आत येणारा, बाहेर जाणारा. ती म्हणाली, ''अहो, मला श्वास मोजायला नका सांगू. तोच तर पुरत नाहीये.''

आमच्या मजल्यावर वसईच्या एक बाई राहतात. कॅथलिक. माझी पत्नी त्यांना ताई म्हणायची. त्या संध्याकाळी येऊन बसायच्या, हातात रोझरी. मराठीतच म्हणायच्या, हळू आवाजात. पत्नीने एकदा त्यांना सांगितलं, ''ताई, मनात नका म्हणू, मोठ्यानं म्हणा.'' ती हरिपाठ म्हणणाऱ्या घरातली बाई. तिने धर्म बदलला नाही, तसा विषयही कधी निघाला नाही. पण त्या अर्ध्या तासात तिचा चेहरा सैल व्हायचा. मी एकदा त्या ताईंना विचारलं, प्राध्यापकी सवयीने, ''तुम्ही हे म्हणताना ध्यान करता का?'' त्या म्हणाल्या, ''नाही हो सर. मी विनंती करते.''

हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. विनंती. माझ्या तीनही समीकरणांत हा शब्द कुठेच नव्हता. पत्नी गेल्यावर मी पुन्हा वाचायला बसलो. त्या वाचनाचा हिशेब आज तुमच्यापुढे ठेवतो.

आता पहिलं समीकरण. संत.

सुरुवात लांबून करायची गरज नाही. आता आपल्याकडे दिघा गाव स्टेशन झालंय. 2024 च्या जानेवारीत सुरू झालं. तिथून गाडीत बसलात की पुढचं स्टेशन ठाणे. त्या ठाण्यात 1321 साली चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांतल्या प्रमुखाचं नाव तोलेंतिनोचा थॉमस. त्यांच्या बरोबर आलेला जॉर्डनस नावाचा धर्मगुरू त्या वेळी दुसरीकडे होता म्हणून वाचला. त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. आपलं नालासोपारा, तेच. पुढे ओदोरिक नावाचा इटालियन प्रवासी साधू आला, त्याने त्यांच्या अस्थी उचलल्या आणि जहाजाने थेट चीनपर्यंत नेल्या. जरा साल बघा. ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली 1296 मध्ये. म्हणजे अवघ्या पंचवीस वर्षांनी आपल्या खाडीकाठी ही घटना घडते. 'हा धर्म पोर्तुगीजांबरोबर आला' असं आपण सहज बोलून जातो, ते तितकंसं खरं नाही.

पण मुद्दा अस्थींचा आहे. एवढ्या लांब अस्थी का न्यायच्या? कारण कॅथलिक समजुतीत संत मेल्यावर संपत नाही. तो देवाजवळ असतो आणि तुमच्या-आमच्यासाठी बोलू शकतो. त्याला म्हणायचं मध्यस्थी. संताची आराधना करायची नाही, ती फक्त देवाची. संताला वंदन करायचं, आणि त्याला सांगायचं, बाबा रे, माझ्यासाठी शब्द टाक. आराधना आणि वंदन यांतला हा फरक 787 सालच्या दुसऱ्या निकिया परिषदेत ठरला. प्रतिमा ठेवाव्यात की फोडाव्यात, या वादातून तो निघाला. आज तुम्ही 8 सप्टेंबरच्या सुमारास वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेला गेलात, तर तिथे मेणाचे हात, पाय, बाळं, घरं वाहिलेली दिसतील. वाहणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. तो नवस वाटतो आपल्याला. आहेही नवसासारखाच. पण चर्चच्या शिकवणीप्रमाणे तिथे मारिया काही देत नाही, ती मागते. तुमच्या वतीने.

आता आपले संत घ्या. तुकोबांना आपण काय मागतो? समाधीपाशी नवस बोलणारे लोक आहेत, मी नाकारत नाही. पण मुख्य नातं ते नाही. तुकोबा आपल्याला शब्द देतात. आपण त्यांचे अभंग आपल्या तोंडाने म्हणतो, आणि त्या शब्दांनी थेट विठ्ठलाशी भांडतो. थोडक्यात सांगायचं तर, आपला संत आपल्याला बोलायला शिकवतो आणि त्यांचा संत आपल्यासाठी बोलतो. नातं बदललं की धर्माची रचनाच बदलते.

दुसरा फरक, संत ठरवतं कोण? आपल्याकडे लोकांचं तोंड ठरवतं. त्यांच्याकडे कचेरी आहे. अक्षरशः कचेरी. अर्ज, साक्षी, चमत्कारांची तपासणी, डॉक्टरांची मतं. 1587 पासून एक अधिकारी नेमला जायचा, ज्याचं काम त्या उमेदवाराच्या विरोधात युक्तिवाद करणं. लोक त्याला 'सैतानाचा वकील' म्हणत. हे मला तत्त्वज्ञ म्हणून फार आवडतं. ज्याची पूज्यता ठरवायची त्याच्याविरुद्ध वकील द्यायचा! 1983 मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी ही पद्धत बदलली आणि त्या पदाचा विरोधी पक्ष म्हणून असलेला जोर कमी केला. मला ती चूक वाटते. चौकशीतून विरोधी पक्ष काढला की चौकशीचा समारंभ होतो.

आणि या पद्धतीचा तोटाही आपल्याच भागातून दाखवतो. वसईचे गोन्सालो गार्सिया. आई वसईची, वडील पोर्तुगीज. जेझुइटांबरोबर जपानला गेले, पण त्यांनी संघात घेतलं नाही. व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. पुन्हा जपान, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मृत्यू. 1627 मध्ये धन्यवादित, आणि संत कधी? 8 जून 1862. मृत्यूनंतर 265 वर्षांनी. उलट मदर तेरेसा 1997 मध्ये वारल्या, 2016 मध्ये संत झाल्या. एकोणीस वर्षं. कचेरी आली की कुणाची फाइल कोण हलवतं हा प्रश्न येतोच, स्वर्गाच्या बाबतीतही. (हशा) पण आपणही फार हसू नये. आपल्याकडे कचेरी नव्हती, तरी चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेरच राहिली. लोकांच्या तोंडालाही उंबरठे असतात.

तर पहिलं समीकरण खोडून टाकू.

दुसरं. रोझरी म्हणजे जपमाळ.

बाहेरून बघितलं तर मणी, बोटं, पुटपुटणं. सारखंच. आपल्या माळेत 108 मणी. रोझरीत 59. त्यांत 53 मरियेच्या प्रार्थनेचे आणि 6 प्रभूच्या प्रार्थनेचे. मी वर्गात आकडेसुद्धा सांगायचो आणि म्हणायचो, संख्या वेगळी, तत्त्व एकच.

तत्त्व एक नाही. नामजपात नाम हेच साध्य आहे. 'विठ्ठल विठ्ठल' म्हणताना मनाने आणखी कुठे जायचं नसतं. नाम आणि नामी एकच, हा आपल्या परंपरेचा सिद्धान्त. रोझरीत तोंड एक काम करतं आणि मन दुसरं. प्रत्येक दहा मण्यांना एक प्रसंग नेमलेला असतो, त्याला ते 'रहस्य' म्हणतात. देवदूताचा मरियेला निरोप, गोठ्यातला जन्म, बागेतलं दुःख, क्रूस, पुनरुत्थान. आनंदाचे पाच, दुःखाचे पाच, गौरवाचे पाच. आणि 2002 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाचे पाच सुचवले. तोंडातले शब्द म्हणजे तानपुरा. तो मागे चालू असतो. राग मनात गायचा असतो, आणि तो राग म्हणजे एका माणसाचं चरित्र.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या वसईच्या ताई काय हे सगळे प्रसंग डोळ्यांपुढे आणत होत्या? मी विचारलं त्यांना. म्हणाल्या, ''कधी येतात, कधी नाही. दमलेलं असलं की नुसते शब्द. पण शब्द तरी चालू राहतात ना.'' बघा, याला मी आता रोझरीचा सर्वांत मोठा गुण समजतो. मन हजर नसलं तरी ती चालते. ज्याला एकाग्रता जमत नाही, ताप आहे, भीती आहे, श्वास लागतोय, त्याला तिने बाहेर ठेवलेलं नाही. माझ्या कपाटातली ध्यानाची पुस्तकं निरोगी माणसासाठी लिहिलेली होती. रोझरी पलंगावरच्या माणसालाही पोचते. हरिपाठही पोचतो, हे मला उशिरा कळलं. त्या दिवसांत तो मी म्हणायला हवा होता. मी म्हटला नाही, कारण माझा विश्वास नव्हता. असो.

आता तिसरं, आणि खरं अवघड समीकरण. ध्यान.

इग्नेशियस लोयोला. जन्म 1491. सैनिक. 1521 च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला. घरी अंथरुणावर पडून वाचायला शौर्यकथा मागितल्या, त्या घरात नव्हत्या. मिळालं काय, तर ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. तो पडल्या पडल्या दिवास्वप्नं बघायचा. एक प्रकार : एका मोठ्या घरच्या बाईसाठी आपण काय पराक्रम करू. दुसरा प्रकार : संतांसारखं आपण काय करू. दोन्हींत तासन् तास जायचे. पण हळूहळू त्याच्या लक्षात आलं की, पहिल्या प्रकाराने त्या वेळी मजा येते आणि मग मन कोरडं पडतं. दुसऱ्याने नंतरही मन प्रसन्न राहतं. एवढ्या निरीक्षणावर त्याची सगळी साधना उभी आहे. कुठल्या विचाराने आत्ता बरं वाटतं हे विचारू नका, तो गेल्यावर मागे काय राहतं ते बघा. याला ते 'विवेचन' म्हणतात. आपल्या भाषेत विवेक.

त्यातून जे छोटं पुस्तक तयार झालं त्याला 1548 मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. चार आठवड्यांची साधना. वाचायला अतिशय रूक्ष. स्वयंपाकाच्या पुस्तकासारखं आहे, त्यात चव नाही, कृती आहे. आणि कृती काय? प्रसंग डोळ्यांपुढे आण. गोठा केवढा, उंच की बुटका, रस्ता सपाट की चढाचा. काय बोलतात ते ऐक. वास घे, स्पर्श कर. मग त्या प्रसंगात तू स्वतः शिर. शेवटी, मित्राशी बोलावं तसं बोल.

आता पतंजलींचं ध्यान आठवा. तिथे चित्ताच्या वृत्ती शांत करायच्या आहेत. कल्पना हीही एक वृत्ती, तिलाही थांबवायचं. इग्नेशियस नेमकं उलट करतो. कल्पनेला तो कामाला लावतो. पतंजली म्हणतात घोडे सोडा, इग्नेशियस म्हणतो घोडे जुंपा. मी हे दोन्ही एकाच रकान्यात लिहीत होतो!

पण थांबा, गोष्ट इतकीही सरळ नाही. त्याच पुस्तकाच्या शेवटाकडे प्रार्थनेच्या तीन रीती दिल्या आहेत. तिसरी रीत अशी की, प्रभूची प्रार्थना म्हणायची, पण एका श्वासाला एकच शब्द. एक श्वास, एक शब्द. त्या शब्दाच्या अर्थावर किंवा ज्याला उद्देशून तो आहे त्याच्यावर लक्ष. सोळाव्या शतकातला स्पॅनिश सैनिक हे लिहितोय. म्हणजे 'श्वास पूर्वेचा आणि कल्पना पश्चिमेची' अशी सोपी वाटणीही टिकत नाही.

इथून मी ज्या पुस्तकावर टीका करणार आहे त्याकडे येतो. ते आपल्याच मुंबईकराचं पुस्तक आहे. अँथनी डिमेलो. जन्म मुंबईत 1931. जेझुइट. पुण्यात आणि पुढे लोणावळ्याला त्यांनी साधना संस्था चालवली. विपश्यनेचा त्यांच्यावर प्रभाव होता. 1978 मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, नाव मात्र मराठी माणसाला सांगावं लागत नाही : 'साधना'. जगभर गेलं.

पुस्तकाचा गुण आधी. चर्चच्या मराठी किंवा इंग्रजी साहित्यात प्रार्थना करा, प्रार्थना करा असं हजारदा सांगितलेलं असतं. कशी करा, हे फार थोडे सांगतात. डिमेलो सांगतात. बसा असे, पाठ अशी, आधी अंगावरच्या कपड्यांचा स्पर्श जाणवू द्या, मग श्वास. नंतर कल्पनेचे प्रयोग, नंतर भक्तीचे. विष्णुसहस्रनामासारखी येशूला हजार नावं देण्याचाही एक प्रयोग आहे. त्यांची भाषा स्वच्छ आहे. उपदेश कमी, कृती जास्त. या बाबतीत ते इग्नेशियसचे खरे शिष्य.

त्या पुस्तकात रिकाम्या खुर्चीची गोष्ट आहे. एका आजारी माणसाला प्रार्थना जमत नव्हती. त्याला एका मित्राने सांगितलं, समोर खुर्ची ठेव, येशू तिथे बसलाय समज आणि बोल. तो रोज बोलायला लागला. मेला तेव्हा त्याचं डोकं त्या शेजारच्या खुर्चीवर टेकलेलं सापडलं. मी ही गोष्ट चाळीस वर्षांपूर्वी वाचली तेव्हा मला ती भाबडी वाटली होती. आमच्या घरी त्या पलंगाशेजारी प्लास्टिकची एक खुर्ची होती, ज्यावर त्या ताई बसायच्या. त्या नसताना ती खुर्ची हलवू नका, असं पत्नी सांगायची. तेव्हापासून मी त्या गोष्टीला भाबडी म्हणत नाही.

मग माझी तक्रार काय? तक्रार रचनेची आहे. पुस्तक जाणिवेपासून सुरू होतं आणि भक्तीपर्यंत जातं, जणू शरीराची संवेदना ही पहिली पायरी आणि विनंती ही वरची. लेखकाचा तसा हेतू नसेलही. पण वाचक पहिल्याच पायरीवर बसकण मारतो. आणि पुढच्या चाळीस वर्षांत जगाने नेमकं तेच केलं. श्वास घेतला, समोरची खुर्ची काढून टाकली. आज मोबाइलवर ध्यानाची ॲपं आहेत. दहा मिनिटांत ताण कमी. उपयोगी आहेत, मी नावं ठेवत नाही. पण तिथे समोर कुणी नाही. तिथे फक्त माझी अवस्था आहे, माझी शांती. डिमेलोंच्या नंतरच्या लिखाणात आणि भाषणांत हा कल वाढत गेला, असं मलाही दिसतं. 'जागे व्हा' हा सूर चढत गेला आणि 'बोला त्याच्याशी' हा सूर उतरला.

रोमची हीच हरकत होती. 1998 च्या जूनमध्ये धर्मसिद्धान्त मंडळाने, कार्डिनल रात्झिंगर त्याचे प्रमुख होते, एक सूचनापत्र काढलं. आशय असा : सुरुवातीचं लिखाण ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत आहे, पुढे मात्र ते दुरावत गेलं, देव एक निराकार, अस्पष्ट वास्तव होऊन जातो आणि येशू अनेक गुरूंपैकी एक. याच मंडळाने 1989 मध्ये ख्रिस्ती ध्यानावर एक पत्र काढलं होतं. त्यात झेन, योग यांच्या पद्धती सरसकट नाकारल्या नव्हत्या, पण शरीराला मिळणाऱ्या शांततेलाच पवित्र आत्म्याचं समाधान समजू नका, असं बजावलं होतं.

आपल्याकडचे उदारमतवादी मित्र हे वाचून म्हणाले, बघा, चर्चला पूर्वेची भीती वाटते. मीही म्हणालो होतो. आज मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. पद्धत म्हणून मला ते पत्र योग्य वाटत नाही. डिमेलो 1987 मध्येच वारले होते. अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. ज्या संस्थेने सैतानाचा वकील नेमला, तिने इथे आरोपीचा वकील नेमायला हवा होता. पण प्रश्न म्हणून विचाराल, तर प्रश्न खरा आहे. प्रार्थना ही मनाची एक अवस्था आहे, की दोघांमधलं नातं?

आणि हा प्रश्न काही रोम विरुद्ध भारत असा नाही. तो त्यांच्या घरातलाही जुना आहे. आविलाची तेरेसा, सोळावं शतक, 1515 ते 1582. तिच्या काळात काही विद्वान सांगत होते, वरच्या पायरीवर गेल्यावर येशूचं मानवी रूपसुद्धा मागे टाकावं, सगळं देहधारी ते सोडावं. तेरेसाने काही काळ ते करून बघितलं आणि मग आत्मचरित्रात लिहिलं की ती चूक होती. आपण देवदूत नाही, आपल्याला शरीर आहे, आपल्याला आधार लागतो. आता मला सांगा, हा वाद तुम्हाला ओळखीचा वाटतो की नाही? सगुण-निर्गुण! गीतेच्या बाराव्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो, आणि उत्तर मिळतं की, देह असलेल्याला अव्यक्ताची वाट फार कष्टाची. म्हणजे कॅथलिक परंपरेची तुलना करायचीच असेल, तर ती पतंजलींशी नको, भक्तीशी करा. मी चुकीच्या शेजाऱ्याचं दार वाजवत होतो.

तेरेसाची आणखी एक गंमत. ही एवढी मोठी ध्यानाची आचार्य, 1970 मध्ये चर्चने तिला अधिकृतपणे आचार्यपद दिलं. आणि ती कबूल करते, कल्पनेत चित्र उभं करणं मला जमतच नाही. अठरा वर्षं ती हातात पुस्तक घेतल्याशिवाय प्रार्थनेला बसायला धजत नव्हती. म्हणजे इग्नेशियसची रीत तिला लागू पडली नाही. परंपरेत रीती अनेक. नातं एक.

यावर एक कडक आक्षेप आहे, तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. समोर कुणी नसेल तर? कल्पनेने माणूस उभा करायचा आणि त्याच्याशी बोलायचं, ही आत्मवंचना नाही का? माझ्यासारख्या संशयी माणसाचा हा जुना प्रश्न. याचं सैद्धान्तिक उत्तर माझ्याजवळ नाही. पण मला आश्चर्य याचं वाटलं की, हा संशय त्या संतांनाच सर्वांत जास्त होता. क्रूसाचा योहान दृष्टान्तांवर विसंबू नका, असं परत परत सांगतो. तेरेसा 1577 मध्ये लिहिलेल्या 'आंतरिक दुर्ग' या ग्रंथात आत्म्याच्या सात दालनांचं वर्णन करते, आणि मध्येच विचारते की, देवावर प्रेम आहे हे ओळखायचं कसं? तिचं उत्तर, ते खात्रीने कळत नाही. शेजाऱ्यावर प्रेम आहे की नाही, ते मात्र कळतं. तेच बघा. कामात अडकलेल्या नन्सना ती सांगते, देव स्वयंपाकघरात भांड्यांमध्येही असतो. जनाबाईचं जातं आठवलं ना? मलाही.

ही कसोटी माझ्या घरात लावून बघितली. मी श्वास शिकवत होतो तेव्हा मला, खरं सांगायचं तर, माझं तंत्र यशस्वी व्हावं असं वाटत होतं. त्या ताईंना माझी पत्नी बरी व्हावी असं वाटत होतं.

आता शेवटचा मुद्दा. ही समीकरणं आपल्याला इतकी सहज का सुचतात? कारण शब्द एकच आहेत. आणि ते एक का आहेत, यालाही इतिहास आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला. त्याने ओवी उचलली आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' मराठीत लिहिलं. 1616 मध्ये रायतूरला छापलं, रोमन लिपीत. त्यात वैकुंठ आहे, मुक्ती आहे, गुरू आहे. 1655 मध्ये तिथेच आंतोनियो द साल्दान्य यांची संत अँथनीची मराठी जीवनकथा छापली गेली. म्हणजे कॅथलिक संतचरित्र आपल्या भाषेत पावणेचारशे वर्षांचं आहे. आपण वाङ्मयाच्या इतिहासात त्याला एक परिच्छेद देतो.

पण हेही विसरायचं नाही की, नवख्रिस्ती लोकांना नवी पुराणं हवीशी झाली, कारण जुनी त्यांच्या हातून काढून घेतलेली होती. गोव्यात 1560 पासून धर्मन्यायालय होतं. आणि 1684 मध्ये तर व्हॉइसरॉयच्या हुकमाने लोकांच्या बोलीवरच बंदी आणली. 'ख्रिस्तपुराणा'च्या 1616, 1649 आणि 1654 या तीन आवृत्त्या निघाल्या, त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. 1907 मध्ये मंगळूरला साल्डाना यांनी हस्तलिखितांवरून ते पुन्हा छापलं म्हणून आपल्याला वाचता येतं. ज्या व्यवस्थेने ही भाषा उचलली तिनेच ती दाबली. हे दोन्ही एकदम सांगितलं पाहिजे. नुसती समन्वयाची गोड गोष्ट सांगितली तर ती अर्धी होते.

आणि तरी भाषा टिकली. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' दिलं, 'सुवार्ता' चालवलं, 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या वेळी काहींनी विचारलं, धर्मगुरू कसा अध्यक्ष? त्यांना स्टीफन्स माहीत नव्हता, एवढंच.

तर समारोप. समान शब्दांमुळे दार उघडतं, ही भाषेची देणगी. पण दार उघडल्यावर आत जाऊन बघायचं असतं. मी तीस वर्षं उंबऱ्यावर उभा राहून 'आत आमच्यासारखंच आहे' असं सांगत होतो. उदारपणा वाटायचा, खरं म्हणजे आळस होता.

एवढं बोलून थांबतो.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलेला प्रश्न आणि उत्तर)

प्रश्न : सर, म्हणजे सगळे धर्म एकच आहेत, असं तुम्ही आता मानत नाही?

उत्तर : नाही मानत. पण त्याने शेजार तुटत नाही, हे मी बघितलंय. त्या ताईंनी कधी म्हटलं नाही की हरिपाठ आणि रोझरी एकच आहे. पत्नीनेही म्हटलं नाही. पत्नीच्या तेराव्याला ताईंनी मला विचारलं, ''सर, हरिपाठ कोण म्हणणार?'' मी म्हटलं, माझा विश्वास नाही. त्या म्हणाल्या, ''तिचा होता ना. तिच्यासाठी म्हणा.'' मग मी म्हटला. पुस्तक हातात धरून, तेरेसासारखा. त्या मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या.